सुख हेच ध्येय मानणारा एपिक्युरस भाकरी-पाण्यावर समाधानी कसा?

पूर्वभागकर

नमस्कार. सोलापुरात आमचा सात-आठ जणांचा एक वाचनगट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचे, ठरवून वाचलेल्या मजकुरावर बोलायचे आणि चहा घेऊन उठायचे, एवढाच त्याचा व्याप. यंदा आम्ही सुखाविषयीचे प्राचीन ग्रीक विचार वाचायला घेतले आहेत. डिसेंबरची बैठक हुरड्याच्या निमित्ताने मंगळवेढ्याच्या वाटेवर एका सदस्याच्या शेतात झाली. तेथे आगटीभोवती बसल्या बसल्या जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

वादाची सुरुवात नेहमीचीच होती. एक मित्र म्हणाला, एपिक्युरस हा तत्त्वज्ञ म्हणजे ग्रीकांचा चार्वाक. खावे, प्यावे, मजा करावी. त्यावर दुसऱ्याने मेनोइकियस या शिष्याला लिहिलेले त्याचे पत्रच वाचून दाखवले. सुख हे ध्येय असे आम्ही म्हणतो तेव्हा उधळ्या लोकांची सुखे आमच्या मनात नसतात, तर शरीराला वेदना नसणे आणि मनाला क्षोभ नसणे हे आम्हाला अभिप्रेत असते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अथेन्सच्या वेशीबाहेरील ज्या बागेत तो शिकवत असे, तिच्यावर ‘येथे सुख हेच परमश्रेय’ अशा अर्थाचा मजकूर असला, तरी आत आलेल्या पाहुण्यापुढे सातूची पेज आणि पाणी येते, असे रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात लिहिले आहे. एवढे ऐकल्यावर पहिल्या मित्राने माघार घेतली.

माझी अडचण तेथून पुढे सुरू होते. एपिक्युरस चैनी नव्हता, हे मला मान्य आहे. पण तो ज्याला सुख म्हणतो ते सुख आहे का, हे मला कळत नाही. वेदना नसणे ही चांगली गोष्ट खरीच, परंतु दात दुखत नाही म्हणून कोणी आनंदाने बसलेला मी पाहिलेला नाही.

उदाहरण माझ्या लहानपणचे देतो. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या एका शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होतो. धोट्याची खटखट सकाळपासून रात्रपाळी संपेपर्यंत चाले, आणि जन्मापासून कानांवर असल्यामुळे ती आम्हाला ऐकू येत नसे असेच म्हणावे लागेल. वीज गेली की मात्र सगळे माग एकदम थांबत. त्या पहिल्या मिनिटात जे वाटे, त्याला मी आजही सुखच म्हणेन. भाकरी थापता थापता आईचा हातसुद्धा थांबत असे. पुढे दोन-तीन मिनिटांत ती शांतता नुसतीच शांतता होऊन जाई, आणि पंखाही बंद असल्यामुळे आम्हाला उकाडा जाणवू लागे.

आता एपिक्युरसचे सुख यांपैकी कोणते? पहिल्या मिनिटाचे म्हणावे, तर ते आधीच्या गोंगाटाच्या जिवावर उभे आहे आणि टिकतही नाही. नंतरच्या शांततेचे म्हणावे, तर त्या वेळी आम्हाला विशेष काही वाटतच नव्हते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

माळढोक

पूर्वभागकर, आपला प्रश्न जुना आहे आणि मूळ दुखण्यावर बोट ठेवणारा आहे. रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. ४५ मध्ये परमश्रेयाविषयी जो संवादग्रंथ लिहिला, त्याच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचा एपिक्युरसवरील मोठा आक्षेप हाच आहे, की या गृहस्थाने दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव दिले. तेव्हा आपण चुकीच्या जागी अडलेला नाहीत.

एपिक्युरसने सुखाचे दोन प्रकार केले होते. एक गतीतले सुख, म्हणजे काही घडत असताना वाटणारे: हर्ष, उल्हास, चवीची मौज. दुसरे स्थितीतले सुख, म्हणजे शरीर विनावेदना आणि मन विनाक्षोभ असताना असणारे. शरीराच्या या स्थितीला तो ‘अपोनिया’ म्हणे आणि मनाच्या स्थितीला ‘अटारॅक्सिया’. ही विभागणी त्याच्याच एका हरवलेल्या ग्रंथातील अवतरणाच्या रूपाने तत्त्वज्ञांचा चरित्रकार डायोजिनीस लेअर्शियस याने जपून ठेवली आहे. या विभागणीनुसार आपले पहिले मिनिट गतीतल्या सुखात मोडते, निदान मी तरी ते तेथे ठेवीन. एपिक्युरसचे ध्येय मात्र दुसऱ्या प्रकारचे सुख हे आहे.

‘पण तेव्हा काही वाटतच नव्हते’ या आपल्या म्हणण्याला त्याचे उत्तर असे, की सुख आणि दुःख यांच्या मध्ये तिसरी, कोरी अवस्था असूच शकत नाही. ज्याला आपल्याला काय होत आहे याची जाणीव आहे, तो एक तर सुखात असतो किंवा दुःखात. आपल्या शांततेचे तिसऱ्या मिनिटाला काय झाले, ते आपणच लिहिले आहे: उकाडा जाणवू लागला. म्हणजे सुख विरून कोरेपणा आला नाही. दुसरी वेदना पुढे आली आणि लक्ष तिकडे गेले. सोलापूरच्या मे महिन्यात वेदनारहित अवस्था पाच मिनिटे टिकत नाही, हा काही सिद्धान्ताचा दोष नव्हे.

दुसरी गोष्ट मर्यादेची. त्याच्या ४० प्रमुख सिद्धान्तांपैकी तिसरा सांगतो, की सर्व वेदना दूर होणे ही सुखाची कमाल मर्यादा आहे. आणि अठरावा सांगतो, की उणिवेची वेदना एकदा दूर झाली की शरीराचे सुख वाढत नाही, त्यात केवळ विविधता येते. दुपारी रानातून आलेल्या भुकेल्या माणसाने कडक भाकरी मोडून तिच्यावर शेंगाचटणी आणि तेल घेतले, की चार घासांत भुकेचे दुखणे संपते. त्यानंतर पुरणपोळी वाढली तर जिभेला बदल मिळेल, पण भूक होती त्याहून अधिक भागणार नाही, कारण भागायला ती शिल्लकच नाही. एपिक्युरसने इच्छांचे तीन गट केले ते याच हिशेबाने. भूक-तहान या नैसर्गिक आणि आवश्यक. पक्वान्नाची इच्छा नैसर्गिक, पण आवश्यक नव्हे. आणि आपला पुतळा उभा राहावा किंवा डोक्यावर मानाचा मुकुट चढावा, ही इच्छा नैसर्गिकही नाही आणि आवश्यकही नाही. पहिल्या गटातील इच्छांना मर्यादा असते आणि त्या थोडक्यात भागतात. तिसऱ्या गटातील इच्छांना तळच नसतो.

मात्र त्याला वैरागी समजण्याची चूकही करू नये. आपण भाकरी-पाण्यावर समाधानी आहोत असे लिहिणारा हाच माणूस एका मित्राला लहानसे मडके भरून चीज पाठवायला सांगतो, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. शिवाय, चवीचे, कामसुखाचे, नादाचे आणि रूपाचे सुख वजा केले तर चांगले म्हणजे काय याची कल्पना मला करता येत नाही, असेही त्याचे एक वाक्य आहे. सिसेरो या वाक्यावर तुटून पडतो. मला स्वतःला ते वाक्य आवडते, कारण त्यामुळे हा सिद्धान्त उपासतापासाकडे घसरत नाही.

जुना विद्यार्थी

माळढोक यांच्या विवेचनात भर म्हणून, आगटीभोवतीच्या पहिल्या मित्राची बाजूही थोडी घेतो. त्यांनी चार्वाकाची जोडी चुकीच्या ग्रीकाशी लावली, एवढेच. चार्वाकाशी नाते सांगावे असा ग्रीक म्हणजे सॉक्रेटिसचा शिष्य, उत्तर आफ्रिकेतील सायरीनचा अ‍ॅरिस्टिपस, आणि त्याच्यामागून चालत आलेला संप्रदाय.

‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हा चरण सर्वांना ठाऊक असतो, कारण तो चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात माधवाचार्यांनी चार्वाकमत म्हणून दिला. त्याच प्रकरणातील युक्तिवादाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सुखात दुःख मिसळलेले आहे म्हणून सुख टाकावे, हा मूर्खांचा विचार आहे. भाताला कोंडा असतो म्हणून कोणी साळी टाकून देत नाही, हरणे आहेत म्हणून पेरणी थांबत नाही आणि भिकारी येतील म्हणून चुलीवर भांडे चढायचे राहत नाही, असे तेथे म्हटले आहे. अ‍ॅरिस्टिपसच्या संप्रदायाचे म्हणणे याच्या बरेच जवळचे आहे. सुख म्हणजे शरीराला आत्ता जाणवणारी एक मृदू गती, दुःख म्हणजे खरबरीत गती. उद्याचा हिशेब करण्यात आजचे हातचे घालवू नये. आणि वेदना नसणे हे सुख मुळीच नव्हे, ती तर झोपलेल्या माणसाची अवस्था, असे त्यांनी स्पष्टच म्हटले. पूर्वभागकर, आपण नकळत सायरीनच्या बाजूने बोलत आहात.

येथे एक गंमत आहे. या संप्रदायाने तीन अवस्थांना समुद्राची उपमा दिली होती: वादळ म्हणजे दुःख, मंद लाट म्हणजे सुख, आणि निश्चल पाणी म्हणजे मधली अवस्था, जिच्यात सुखही नाही आणि दुःखही नाही. एपिक्युरसला जे हवे आहे, त्याच्यासाठी त्यानेही निश्चल समुद्राचाच शब्द वापरला आहे. एकाला त्या पाण्यात काहीच दिसत नाही आणि दुसऱ्याला सर्वस्व दिसते. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसणाऱ्यांमध्येही हे दोन पंथ सापडतील.

हाच आक्षेप आपल्याकडे कसा आला आहे, तेही सांगण्याजोगे आहे. श्रीहर्षाच्या नैषधीयचरिताच्या सतराव्या सर्गात चार्वाक न्यायदर्शनाची टर उडवतो. न्यायमताप्रमाणे मोक्ष म्हणजे दुःखाचा आत्यंतिक अभाव, तेथे सुखाची जाणीवही उरत नाही. त्यावर चार्वाक म्हणतो, की शहाण्यासुरत्या माणसांना दगड व्हायला सांगणारा तो न्यायदर्शनाचा कर्ता गोतम नावाप्रमाणेच ‘गो-तम’, म्हणजे बैलांतला श्रेष्ठ आहे. आता प्लेटोचा ‘गॉर्जियस’ हा संवाद उघडून पाहावा. ज्यांना कशाची गरज नाही तेच सुखी, असे सॉक्रेटिस सुचवतो तेव्हा त्याचा प्रतिवादी कॅलिक्लिस उत्तरतो, की मग दगड आणि प्रेते सर्वांत सुखी म्हणायची. अथेन्समधला इ.स.पू. चौथ्या शतकातला संवाद आणि आपल्याकडचे बाराव्या शतकातले महाकाव्य, यांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे मी सुचवत नाही. अभावाला सुख म्हटले की ऐकणाऱ्याला दगडच आठवतो, इतकेच यातून दिसते.

पूर्वभागकर

दोघांचेही मनापासून आभार. दगडाचे उदाहरण तर मी पुढच्या बैठकीसाठी लिहूनच ठेवले. मात्र त्यामुळे माझी शंका कमी होण्याऐवजी वाढली आहे. मधली कोरी अवस्था नसतेच, असे एपिक्युरस म्हणतो. पण हे त्याने सिद्ध केले आहे, की सुखाची व्याख्याच अशी केली आहे की मधले काही उरू नये? कारण ‘रिपब्लिक’च्या नवव्या पुस्तकात प्लेटो नेमके उलट सांगतो. आजाऱ्याला वाटते, की निरोगी असण्याहून गोड काही नाही. पण ते केवळ वेदनेच्या शेजारी ठेवल्यामुळे वाटते, जसा काळ्याशेजारी करडा रंग पांढरा भासतो. माझे पहिले मिनिट हा असा करडा रंग तर नव्हता ना?

बोरीकाठ

मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी नाही. माझे माहेर अक्कलकोट तालुक्यातले आहे आणि सध्या मी सोलापुरात नोकरी करते. ही चर्चा वाचताना मला एक गोष्ट सतत खटकली, म्हणून लिहिते. आपण सर्वजण ‘आत्ता काय वाटते’ याभोवतीच फिरत आहात. एपिक्युरसचे सुख मात्र मला निम्मे आत्ताचे आणि निम्मे उद्याचे वाटते.

१८८८ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितातून त्याच्या वचनांचा जो संग्रह पुढे आला, त्यातले तेहतिसावे वचन असे आहे: भूक नसावी, तहान नसावी, थंडी वाजू नये, एवढीच शरीराची हाक असते, आणि ज्याच्याजवळ हे आहे व पुढेही राहील अशी आशा आहे, तो सुखाच्या बाबतीत प्रत्यक्ष झ्यूसशी बरोबरी करील. यातले ‘पुढेही राहील अशी आशा’ हे शब्द आपल्या चर्चेतून गळाले आहेत.

आमच्या पेठेत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. वेळ ठरलेली नसते, त्यामुळे त्या दिवशी घरातले कोणी ना कोणी नळाकडे कान लावून असते. पाणी आले की आधी पिण्याचे हंडे, मग पिंप, मग बादल्या, शेवटी कळश्या आणि सापडतील ती पातेली. सगळे भरून झाले, नळ बंद केला, की माझ्या सासूबाई पदराला हात पुसत ओट्याला टेकून घटकाभर उभ्या राहतात. त्या वेळी त्यांना तहान लागलेली नसते, त्या पाणी पीतही नसतात. म्हणजे सायरीनवाल्यांची मृदू गती तेथे नाही आणि प्लेटोची नुकतीच संपलेली वेदनाही नाही, कारण आदल्या दिवशीही घरात पिण्यापुरते पाणी होते. त्यांच्याजवळ त्या क्षणी असतात ते पुढचे चार दिवस. माझी आजी या अवस्थेला कन्नडमध्ये ‘नेम्मदी’ म्हणायची. ‘सुख’ हा शब्द तिच्या बोलण्यात होताच, पण तो लग्नकार्याला किंवा नातवंडाला घेऊन बसण्याला. ‘नेम्मदी’ वेगळी. अटारॅक्सियाला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी हा शेजारघरचा शब्द एकदा तोलून पाहावा. ‘मनःशांती’पेक्षा मला तो जवळचा वाटतो.

त्याच संग्रहातले लगेच पुढचे, चौतिसावे वचन मित्रांविषयी आहे. मित्रांच्या मदतीची आपल्याला जितकी गरज असते, त्याहून ती मदत मिळेल या भरवशाची अधिक असते, असे ते सांगते. बागेतल्या मैत्रीला एपिक्युरसने एवढे महत्त्व का दिले, ते यावरून कळते. मॅसिडोनियन सेनानी डेमेट्रियसने अथेन्सला वेढा घातला तेव्हा, म्हणजे इ.स.पू. २९४ च्या सुमारास, शहरात अन्नाची इतकी टंचाई झाली, की एपिक्युरसने कडधान्याचे दाणे मोजून सोबत्यांत वाटले, असे चरित्रकार प्लुटार्कने लिहिले आहे. दाणे थोडे असणारच. पण ते मोजून आणि सर्वांना मिळणार, हे बागेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

एवढे मान्य करूनही माझी एक तक्रार राहते. मेनोइकियसच्या पत्रात तो म्हणतो, की निसर्गाला जे लागते ते सहज मिळते. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईला हे वाक्य कसे वाचून दाखवायचे? तिला भाकरी आज मिळते. तिच्याजवळ नसतो तो उद्याचा भरवसा, आणि तो इच्छा कमी केल्याने येत नाही. बागेत स्त्रिया होत्या, गुलाम होते, लिओन्टियनसारखी बाई थिओफ्रॅस्टस या ॲरिस्टॉटलच्या शिष्याविरुद्ध ग्रंथ लिहीत होती, मृत्युपत्रात एपिक्युरसने मिस या आपल्या गुलामाला मुक्त केले, हे सर्व त्या काळाच्या मानाने मोठेच आहे. पण बागेला भिंत होती, तिची मालकी एपिक्युरसकडे होती आणि मित्र वर्गणी पाठवत होते. हा भरवसा कोणीतरी उभा केलेला होता. तो निव्वळ तत्त्वज्ञानातून उगवला नव्हता.

निवृत्त मास्तर

बोरीकाठ यांनी फार मोलाचे लिहिले आहे. त्यांच्या तक्रारीला ग्रीकांमध्येच एक साथीदार सापडतो, तो म्हणजे ॲरिस्टॉटल. सुखी जीवनाला सद्गुणांबरोबर बाह्य साधनेही लागतात, मित्र लागतात, बरे दैवही लागते, असे तो नीतिशास्त्रात उघडपणे सांगतो. सज्जन माणूस चाकावर बांधून हालहाल केले तरी सुखीच असतो, असे म्हणणारे लोक कळत-नकळत निरर्थक बोलतात, असा त्याचा शेरा आहे. पुढे एपिक्युरसने मात्र शहाणा माणूस छळातही सुखी असतो असेच म्हटले, आणि स्वतःच्या बाबतीत तसे वागूनही दाखवले. इ.स.पू. २७० च्या सुमारास, सत्तरी ओलांडलेली असताना, मूतखड्याने लघवी अडून तो चौदा दिवस आजारी होता. शेवटच्या दिवशी इडोमेनियस या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की वेदना इतक्या आहेत की याहून अधिक होऊ शकणार नाहीत, परंतु आपल्या जुन्या संभाषणांच्या आठवणीने होणारा मनाचा आनंद मी या सर्वांसमोर उभा केला आहे. ज्याला मूतखड्याचा अनुभव आहे, आणि आमच्या भागातल्या उन्हाळ्यात तो पुष्कळांना असतो, त्याने या पत्रावर सहज विश्वास ठेवू नये. पण हसूही नये.

आता पूर्वभागकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटते, सुख गोंगाट थांबण्यात आहे की शांततेत, हा पर्यायच अपुरा आहे. सुख वाटते ते काहीतरी करताना, आणि ते करणे निर्वेध चालले असताना. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या सातव्या पुस्तकात सुखाचे वर्णन स्वाभाविक अवस्थेची विनाअडथळा क्रिया असे केले आहे. दहाव्या पुस्तकात तो आणखी पुढे जातो: सुख हे क्रियेला पूर्णत्व आणते, जसे ऐन तारुण्यातील शरीरावर तेज चढते. तेज वेगळे मिळवता येत नाही, आणि म्हणून सुखही क्रियेपासून सुटे काढून मोजता येत नाही. प्रत्येक क्रियेचे सुख वेगळे, आणि एका क्रियेचे सुख दुसरीला मारक ठरते. बासरीचा शौकीन कानांवर बासरी आली की चर्चेत लक्ष देऊ शकत नाही. आणि नाटकगृहात लोक खाऊ खातात तो मुख्यतः नट वाईट असले की, हे निरीक्षण त्याचेच आहे. आमच्या नाट्यगृहात पडदा पडल्यावर शेंगांच्या टरफलांवरून प्रयोग कसा झाला ते मी चाळीस वर्षे ओळखत आलो आहे, आणि ॲरिस्टॉटल वाचल्यावर त्याला शास्त्राचा आधार मिळाला याचा मला अभिमान आहे.

म्हणून पूर्वभागकरांना मी उलट प्रश्न विचारतो. माग थांबल्यावर आपल्याला आणि आईंना काय वाटले, ते आपण सांगितले. माग चालू असताना तो चालवणाऱ्याला काय वाटत होते? सुखाची चर्चा शेडच्या बाहेर बसूनच का करायची?

माळढोक

मास्तर, आक्षेप मार्मिक आहे. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. एपिक्युरसचे स्थितीतले सुख म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ होऊ नये. वेदना आणि भय नसलेले शरीर आणि मन आपापले काम सुरळीत करीत असते, आणि ती सुरळीतता जाणवणे हेच ते सुख, असेही त्याचे वाचन करता येते. तसे केले तर ॲरिस्टॉटलच्या विनाअडथळा क्रियेपासून तो फार दूर राहत नाही. मात्र दोघांमधला मोठा फरक तरीही उरतो. ॲरिस्टॉटलला काही क्रिया इतरांहून श्रेष्ठ वाटतात आणि म्हणून त्यांची सुखेही श्रेष्ठ. एपिक्युरस मात्र कोणत्याही सुखाला जातीने हलके मानत नाही, त्यातून पुढे किती त्रास निघतो एवढेच पाहतो. या एका मुद्द्यावर मी अजूनही बागेच्या बाजूचा आहे.

पूर्वभागकर, व्याख्येविषयीची आपली शंका रास्त आहे. मधली अवस्था नाही, हे त्याने स्वतंत्रपणे सिद्ध केलेले मला कोठे आढळले नाही. जन्मलेले प्रत्येक पोर सुखाकडे वळते आणि दुःखापासून मागे सरते, यावर त्याची सारी इमारत उभी आहे; आणि त्या पोराला पोट भरल्यावर काय वाटते, हे पोर सांगत नाही.

पूर्वभागकर

मास्तरांच्या प्रश्नामुळे मी काल संध्याकाळी वडिलांना विचारले. त्यांनी एकतीस वर्षे दोन मागांवर चादर विणली आणि आता ते घरीच असतात. वीज गेल्यावर जी शांतता पडायची ती तुम्हाला कशी वाटायची, असे विचारल्यावर ते काही वेळ माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना ती शांतता आठवतच नव्हती. वीज गेली की माग मध्येच थांबतो आणि धोटा कधी कधी ताण्याच्या धाग्यांमध्ये अडकून राहतो. तसाच माग सुरू केला तर एका झटक्यात शेकडो धागे तुटतात. म्हणून अंधारात हाताने चाचपून दोन्ही धोटे कोठे आहेत ते पाहणे हे त्यांचे पहिले काम असे. शेजारच्या खोलीत आम्ही ज्या मिनिटात सुखी होतो, त्या मिनिटात ते धागे चाचपत होते, आणि त्या दिवशी किती चादरी कमी उतरतील हा हिशेब डोक्यात चालू असे. बोरीकाठ ताई, आपला ‘उद्या’ येथे पुन्हा आला.

मग तुम्हाला बरे कधी वाटायचे, असे विचारले. ते म्हणाले, रात्रपाळीत कधी कधी दोन-अडीच तास एकही धागा तुटत नसे, कांड्या वेळेवर भरून येत, आणि दोन्ही मागांचा आवाज एका तालात पडे. तेव्हा मी कोठे आहे हे माझ्या लक्षातही नसायचे. आवाजात थोडा जरी फरक पडला, तरी कोणत्या मागाचे काय बिघडले ते न पाहता कळायचे. म्हणजे ज्या खटखटीला मी जन्मभर वेदना समजत आलो, तीच त्यांच्या सुखाची खूण होती. मी त्यांना ॲरिस्टॉटलविषयी थोडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, त्याने माग चालवला होता काय?

पुढची बैठक आमच्याच घरी आहे. प्लेटोचा करडा रंग आणि एपिक्युरसची कोरी नसलेली अवस्था यांचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही, त्यामुळे तो विषय तेथे पुन्हा निघेल. वडिलांनाही बसायला सांगितले आहे. ‘किती वेळ चालते?’ एवढेच त्यांनी विचारले.